माझा आवाज आणि तिचे आमेन

एकोणिसाचा पाढा म्हणून घेत असताना माझा आवाज गेला. आधी काही आठवडे तो खरखरत होता, पण मी गणिताचा मास्तर. घसा बसणे आमच्या पेशात धरलेलेच असते. त्या दिवशी मात्र पाढा अर्ध्यावर आला आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडू लागली. मुले आधी हसली, मग गप्प झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. आत गाठ आहे म्हणाले. एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही. गाठ उतरली तर ठीक, नाही तर पुढचे पाहू. पुढचे म्हणजे काय, हे पाटीवर लिहून विचारण्याचा धीर मला झाला नाही. मास्तराचा आवाज कायमचा गेला तर त्याने खायचे काय, हे गणित मी वाटेत दोनदा मांडले आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आले.

सक्करदऱ्याला घराकडे चालत येताना मी मनात देवाला विचारले, माझ्याकडून काय राहिले? मी नेमाने उपकार मानणारा माणूस. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर, जेवणाआधी, आमच्या घरी उपकारस्तुती होत असे. ही माझ्या वडिलांची शिस्त, आणि ती मी मोडली नव्हती. मी, माझी पत्नी आणि मुलगी रूथ चटईवर बसत असू. अन्न, आरोग्य, नोकरी, लेकरू आणि देशाला मिळालेले स्वातंत्र्य, अशा पाच गोष्टींसाठी मी उपकार मानी. क्रमही ठरलेला. एवढे करून हे फळ का, अशी माझी तक्रार होती, आणि ती तक्रार आहे हेही मला तेव्हा कळत नव्हते.

रूथच्या आईचा वाटा शेवटच्या आमेनपुरता. ती उमरेडकडची; तिचे आईवडील हातमागावर विणणारे, तिच्या लहानपणी ख्रिस्ती झालेले. मी मिशनच्या वसतिगृहात पुस्तकी मराठीत वाढलो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने प्रार्थना केली, "देवबापा, तू मले चांगलं घर देल्लं." मी सौम्यपणेच सांगितले, 'मले' नव्हे, 'मला'. दुसऱ्या दिवशी तिने आठवणीने 'मला' म्हटले आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'मले'. मी पुन्हा सांगितले. ती तोंडाला पदर लावून हसली, आणि तेव्हापासून फक्त आमेन म्हणू लागली. मला वाटले, लाजते. रूथ फ्रॉकमधून परकरात आली तरी मला तसेच वाटत राहिले.

आवाज गेला त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बसलो. रूथ माझ्याकडे पाहत होती आणि मी पाटीकडे. पाचही गोष्टी लिहून रूथकडून वाचून घ्याव्यात असे माझ्या मनात होते. तेवढ्यात दारात शेजारच्या गंगूबाई उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे त्यांच्या घरी माग चालतो. त्या हिंदू, आमच्या प्रार्थनेशी त्यांचा संबंध तेवढा ऐकण्याचा.

"काहून वं, आज तुमच्यात प्रार्थना नाई का? मास्तरचा आवाज आयकला का मी भात टाकतो. आज माहा भात राहिला नं!"

"यायचा आवाज गेला, बाई," रूथची आई म्हणाली. "डाक्टरनं बोलू नोका म्हनलं."

"अवं माय! मंग तू म्हन."

"मले नाई येत."

"काहून? विहिरीवर तं घंटाभर बोलतं माह्यासंग! देव काय मास्तर हाये, का छडी मारन?"

रूथ खुदकन हसली. मला कुठे पाहावे कळेना. गंगूबाई सहज बोलून गेल्या होत्या. आमच्या घरातली जुनी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्या क्षणी त्यांना दारात कोणी पाठवले, यावर मी वाद घालणार नाही.

रूथच्या आईने पदर डोक्यावर घेतला. मग ती बोलू लागली. "देवबापा, आज विहिरीवर माहा नंबर लवकर लागला. जवारी बरी भेटली, खडे कमी होते. रूथचा ताप उतरला. यायचा आवाज गेला, कायले गेला थे तुले माहीत. पन आज हे माह्यावर चिडले नाई. बोलताच येत नाई म्हनून चिडले नाई, तरी बी उपकार मानू का नोको, थे तूच सांग. आमेन."

"मान वं, मान!" गंगूबाई दारातून म्हणाल्या. "असा दिवस रोज कुठं येते!"

मी आवाज न करता हसलो, घसा दुखेपर्यंत. पण जेवताना मी रूथच्या कपाळाला हात लावून पाहिला. रूथला ताप होता हे मला आत्ता कळले होते. आदल्या संध्याकाळी मी आरोग्यासाठी उपकार मानत होतो, तेव्हा ती माझ्या शेजारीच बसलेली होती.

त्यानंतर रोज रूथची आईच प्रार्थना करू लागली. कालचे वाक्य तिने आज पुन्हा म्हटले, असे मला आठवत नाही. माझे घर मला तिच्या प्रार्थनेतून कळत गेले: कौल कुठे सरकले, कोणाशी भांडण मिटले, रूथ कशाने रडली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "देवबापा, माहा पहिला पोरगा जितके दिवस होता, तितक्या दिवसाचे उपकार. थ्याचे हात यायच्यासारखे होते." रूथच्या आधीचा आमचा मुलगा आठवडाभरही जगला नव्हता. त्याच्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नव्हतो. बाळंतपण तिच्या माहेरी झाले; त्याचे हात मी पाहिलेही नव्हते. मला तिला खूप विचारायचे होते, पण पाटीवर लिहून रूथकडून वाचून घेण्यासारखे ते नव्हते. आवाज आला की विचारीन, असे ठरवले आणि देवाकडे मनातल्या मनात आणखी नेटाने आवाज मागितला.

तो त्याने दिला. एका सकाळी दूध उतू चालले होते आणि माझ्या तोंडून "दूध!" असे स्पष्ट निघाले. रूथची आई भांडे उतरवायचे सोडून माझ्याकडे पाहत राहिली. दूध गेले ते गेलेच. डॉक्टरांनी तपासून सांगितले, गाठ उतरली आहे, हळूहळू बोला.

त्या संध्याकाळी आम्ही बसलो. तिने पदर डोक्यावर घेतला होता, ओठ उघडले होते. हे मी पाहिले आणि तरीही मीच सुरुवात केली. आनंदाच्या भरात मला वाटले, बिचारीची आता सुटका झाली. पाचही गोष्टी झाल्या, सहावी आवाजाची. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आमेन."

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, "तू म्हण." ती म्हणाली, "आता तुमाले आवाज आला नं. तुमीच म्हना. तुमचं कसं पुस्तकावानी असते." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी समजूत घातली असती. पुढे एकदा मुलाच्या हातांविषयी विचारले. "असंच म्हनलं होतं," म्हणून ती तांदूळ निवडायला लागली.

रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे मी आवाज परत मिळाल्याची साक्ष दिली आणि ती खरी आहे. मी पुन्हा पाढे म्हणून घेतो, आमची चूल चालते. पण जे मागितले ते मिळाले, आणि न मागता जे मिळाले होते ते मी हातचे घालवले, एवढे त्या साक्षीत सांगायचे राहिले. ठरलेल्या पाच गोष्टी मी आता म्हणत नाही. त्या दिवशी जे खरेच डोळ्यांनी पाहिले असेल तेवढे एक सांगतो आणि थांबतो. आमेन लगेच म्हणत नाही. तिला आग्रह करण्याचेही सोडले. आग्रह म्हणजे पुन्हा माझाच आवाज. ती जागा मी रिकामी ठेवतो. ती भरायची की नाही, केव्हा भरायची, हे देवाने आणि तिने पाहावे.

काल असाच थांबलो होतो. रूथने एक डोळा उघडून पाहिले. बऱ्याच वेळाने रूथची आई म्हणाली, "म्हना नं आमेन. भाकर निवून राहिली."

मी आमेन म्हटले. भाकरी अजून गरम होती, आणि तिच्यासाठी मी देवाचे उपकार मानले.