खिम्याचे बाक कोणत्या दिशेने चालते

हाताने फिरवायचे खिम्याचे यंत्र ज्या बाकाला आवळलेले असते, ते बाक कोणी न ढकलता आपली जागा सोडते काय, आणि सोडत असल्यास कोणत्या दिशेने जाते, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे. प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु जबलपुरातले आमचे राहते घर एकदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अडून राहिले होते, म्हणून मला तो कधीच क्षुल्लक वाटला नाही.

प्रथम घराविषयी सांगणे आवश्यक आहे. राज्यांची फेररचना होऊन नागपूर तिकडे गेले आणि आमच्यासारखी पुष्कळ मराठी कुटुंबे इकडेच राहिली. मी शाळेत भूमिती आणि सामान्य विज्ञान शिकवत असे. लग्नानंतर आम्ही दोघांनी जी दोन घरे भाड्याने घेतली, ती दोन्ही मटणामुळे गेली. पहिल्या घरात आम्ही वास झाकण्यासाठी दर रविवारी इतका ऊद जाळला की मालकांना मटणाचा नव्हे, तर आमच्या भक्तीचा संशय आला. एवढी कोणती पूजा चालते हे पाहायला ते आदराने आत आले आणि तेवढ्यावर ते घर संपले. दुसऱ्या घरात आम्ही फणसाची भाजी असल्याचे सांगत असू. फणसाचा हंगाम सरला तरी आमचा फणस सरला नाही, तेव्हा तेही घर सोडावे लागले.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला की तिसऱ्या घरी आरंभीच खरे सांगावे. ते घर अधारतालला होते. मालकीणबाई वयस्कर विधवा. त्यांचे सासरे कधीकाळी वर्ध्याकडून येऊन इथे स्थायिक झालेले. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. काकू पूर्ण शाकाहारी होत्या. आमचा कबुलीजबाब त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "खा जी. मी काय तुमच्या तोंडात पाहून राहिली? पण घरात नाही. भिंतीत वास बसते. कापा, शिजवा, सारं अंगणात. अन् नळाच्या अलीकडं. पलीकडं माझं."

अट स्पष्ट होती आणि न्याय्यही होती. अंगण सामाईक, नळ मधोमध. पलीकडे काकूंची बाज, तिच्यावर पापड, सांडगे, कुरड्या वाळत असत. अलीकडे आमची शेगडी. पत्नीने पहिल्यांदाच भिंतीला फळी ठोकून घेतली आणि डबे त्यावर ओळीने मांडले. आधीच्या दोन घरांत तिने डबे खोक्याबाहेर काढलेच नव्हते.

यंत्र सदर बाजाराकडून आले. एका फौजी कुटुंबाची बदली झाली होती आणि सामान काढून टाकणे चालू होते. दुकानातला खिमा सुऱ्याने कुटलेला असे, त्यात हाडाची कणी येई, आणि अशाच एका कणीने पत्नीची दाढ दुखावली होती; म्हणून तिने ते यंत्र पाहताच घेतले. ती ते पदराखाली झाकून अंगणात आली. काकूंनी पदर वर करून पाहिले.

"अच्छा, शेवयाचं यंत्र आणलं?"

"नाही काकू, खिम्याचं आहे."

काकूंनी त्याच्या भोकाभोकांच्या जाळीकडे बराच वेळ पाहिले. "शेवयासारखंच निघते का?"

"तसंच निघतं."

"मंग यंदा मी शेवया नाही खात," असे म्हणून त्या आत गेल्या.

आता यंत्राची रचना. वर मांस घालण्याचे नरसाळे असते. पोटात जाड मळसूत्र असते, ते मांस पुढे ढकलते. मळसूत्राच्या टोकाला चार पाती, पात्यांपुढे जाळी, आणि मागच्या बाजूला दांडा. यंत्राच्या पायाला शिकंजा असतो. तो फळीच्या कडेला आवळायचा. मांसाच्या अंगठ्याएवढ्या पट्ट्या कराव्यात आणि पांढऱ्या शिरा आधीच काढून टाकाव्यात, कारण त्या पात्यांना गुंडाळल्या जातात आणि मग खिम्याऐवजी लगदा येतो. एका वेळी पाव किलोपेक्षा अधिक घालू नये. नरसाळ्यात बोट घालू नये. लाटण्याच्या टोकाने दाबावे. शेवटी शिळ्या पावाचा तुकडा फिरवला म्हणजे आत अडकलेले मांस बाहेर येते. याप्रमाणे एकाने फिरवणे आणि एकाने घालणे, अशी दोन माणसे लागतात. आमच्या घरात नेमकी तेवढीच होती.

यंत्र कशाला आवळावे, ही पहिली अडचण आली. घरातले टेबल अटीमुळे बाद झाले. अंगणातला कट्टा शिकंज्याच्या जबड्यापेक्षा जाड होता. उरले एक हलके देवदारी बाक. ते आम्ही आमच्या भिंतीजवळ असे मांडले की यंत्राचे तोंड समोरच्या कोऱ्या भिंतीकडे राहावे. फिरवणाऱ्याच्या डाव्या हाताला आमची खोली, उजव्या हाताला नळ आणि त्यापलीकडे काकूंची बाजू. पाठीमागे काकूंच्या देवघराची खिडकी होती. ही मांडणी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व आपत्ती हिच्यातून निघाली.

पहिले काही रविवार उत्तम गेले. खिमा मोकळा निघे, कोफ्ते फुटत नसत, पत्नीची दाढ निर्धास्त होती. बाक सरकते आहे हे आमच्या लक्षातच आले नाही. कारण फिरवणारा मनुष्य बाकाबरोबरच सरकत जातो, आणि दोघेही सरकले तर दोघांनाही आपण जागच्या जागी आहोत असे वाटते. हा नियम मी वर्गात आगगाडीचे उदाहरण देऊन अनेकदा शिकवला होता. स्वतःच्या अंगणात तो मला सुचला नाही.

काकूंना मात्र सरकणे दिसत होते, कारण त्या बाजेवर स्थिर बसलेल्या होत्या.

"मास्तरजी, तुमचा बाक नळापाशी आला जी," असे त्या प्रथम सौम्यपणे म्हणाल्या. मी क्षमा मागून बाक मागे नेले. पुढच्या रविवारी ते पुन्हा नळापाशी आले. त्यानंतरच्या एका रविवारी, पत्नीचा भाऊ जेवायला येणार म्हणून आम्ही एकामागून एक अनेक घाणे काढले, आणि शेवटचा घाणा संपला तेव्हा बाकाचा पुढचा पाय नळ ओलांडून काकूंच्या पापडांच्या बाजेला टेकला होता.

काकू उठून उभ्या राहिल्या. "आज बाक पलीकडं. उद्या शेगडी पलीकडं. परवा मी गल्लीत."

"काकू, आम्ही मुद्दाम आणलं नाही. ते आपोआप आलं."

"आपोआप माझ्या घरी जावई येत नाही, बाक येते?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी नळ ओलांडला तर दुसरी खोली पाहून घ्या. चलो, झालं."

त्या रात्री पत्नीने फळीवरच्या डब्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "यंत्र देऊन टाकू कोणाला तरी. मी आता पुन्हा डबे बांधणार नाही."

मी तिला म्हणालो की निर्णयापूर्वी कारण शोधले पाहिजे. ती म्हणाली, "तुम्ही कारण शोधत बसाल अन् सामान मी बांधीन." तरीही तिने मला एका आठवड्याची मुदत दिली.

माझा पहिला तर्क असा की अंगणाला काकूंच्या बाजूने उतार असावा. म्हणून मी फरशीवर लिंबू ठेवले. लिंबू गडगडत आमच्याच खोलीकडे आले. म्हणजे बाक उतरत नव्हते, चढत होते. मग मी दांडा फिरवताना हाताकडे लक्ष दिले. दांडा वरच्या टोकाला असताना हात उजवीकडे जातो, आणि तिथेच माणूस अंगाचा भार टाकतो. खालच्या टोकाला हात डावीकडे येतो खरा, पण तिथे जोर कमी पडतो. या दोन जोरांतली बाकी दर फेऱ्याला शिल्लक राहते आणि बाक तेवढे उजवीकडे जाते. उजवीकडे काकू होत्या.

कारण कळल्यावर उपाय सोपा असेल असे मला वाटले. दांडा उलटा फिरवला, तेव्हा मटण आले त्या वाटेने नरसाळ्यातून परत वर येऊ लागले. बाकावर गव्हाचे पोते ठेवले, तेव्हा पोते घसरून माझ्या पायावर पडले. पत्नीला बाकावर बसवले, तर घालायला कोणी राहिले नाही. मी उजव्या हाताने फिरवत डाव्या हाताने घालू लागलो आणि ताटली उपडी झाली. मग मी बाक उलट तोंडाने मांडले. शास्त्रानुसार आता ते आमच्या भिंतीकडे जायला हवे होते, आणि तसे ते गेलेही. मी मोठ्या समाधानाने फिरवत असताना देवघराची खिडकी उघडली.

"मास्तरजी."

"काय काकू?"

"बाक येऊ दे एक वेळ. पण माझ्या देवाला हे काहून दाखवून राहिले?"

मी पाहिले. यंत्राचे तोंड अगदी खिडकीच्या मध्यावर होते आणि त्यातून खिमा अखंड बाहेर येत होता. मी बाक मुकाट्याने पूर्वीसारखे फिरवले.

आता एकच मार्ग उरला: बाक स्वतः चालते हे काकूंना प्रत्यक्ष दाखवणे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांना विनंती करून बोलावले. बाकाच्या चारही पायांभोवती खडूने रेघा मारल्या आणि दोन्ही जोरांचे विवेचन सुरू केले.

"शाळा इथं नका भरवू," काकू म्हणाल्या. "फिरवा."

मी फिरवले. पत्नी पट्ट्या घालत होती. पाय रेघेबाहेर पडू लागले. मी थांबलो आणि बोट दाखवले.

"तुम्ही ढकलून राहिले," काकू म्हणाल्या.

"मी फक्त फिरवतो आहे."

"फिरवता फिरवता ढकलून राहिले."

शास्त्रीय दृष्ट्या हे विधान अगदी अचूक होते. मी दांडा पत्नीच्या हाती दिला. तिनेही फिरवले, बाक तिच्याबरोबरही निघाले.

"तिला शिकवून ठेवलं तुम्ही," काकू म्हणाल्या.

"ते माझं काहीच ऐकत नाहीत, अन् मी त्यांचं ऐकीन?" पत्नी म्हणाली. हा पुरावा मला वजनदार वाटला. काकूंना वाटला नाही. त्यांनी पदर नाकाला लावला, मटणाकडे पाठ केली आणि बाकाच्या मोकळ्या टोकावर येऊन बसल्या.

"आता मी बसते. पाहू कसा जाते. चलो."

काकू अंगाने भरदार होत्या. मी सर्व शक्तीने दांडा फिरवला. सगळा घाणा निघाला, पावाचा तुकडाही निघाला. बाक तसूभर हलले नाही.

"पाहा," काकू पदराआडून म्हणाल्या. "चालला का? नाही चालला."

"काकू, तुम्ही बसलात म्हणून नाही चाललं. तुमचं वजन..."

"मी बसली म्हणून तुमची ढकलायची हिंमत नाही झाली."

मी पुन्हा दोन जोरांकडे वळणार होतो, तेवढ्यात पत्नीने लाटण्याचे टोक माझ्या कोपराला लावले.  मग तिने विचारले, "काकू, दर रविवारी तुम्ही बसाल का? म्हणजे हे ढकलणार नाहीत."

मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

काकूंनी विचार केला. "बसावंच लागन. तुमच्या नवऱ्यावर नजर ठेवायला तुम्हाला कुठं वेळ आहे, बेटा? पण घाणे लवकर काढा. माझे सांडगे वाळून राहिले."

अशा रीतीने घर राहिले. पत्नीचे डबे फळीवरून हलले नाहीत. पुढे आम्ही तिथे होतो तोवर रविवारी सकाळी काकू बोलावण्याआधीच येऊन बाकावर बसत. नाकाला पदर, तोंड पापडांकडे. पाठमोऱ्या असूनही त्यांना सर्व कळत असे. "दांडा हळू झाला, थकले काय जी?" असे त्या विचारत. एखाद्या रविवारी आम्ही मटण आणले नाही तर त्या दुपारी येऊन, तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी करीत. वाटीभर कुरड्या देत आणि कोफ्त्यांना कधी हात लावत नसत.

मूळ प्रश्न मात्र आमच्यात अखेरपर्यंत सुटला नाही. मी अनेकदा त्यांना सुचवले की त्यांनी एकदाच उठून उभे राहावे आणि निःपक्षपाती मनाने पाहावे. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे: "मी उठली का तुम्ही ढकलता." शेजारपाजारच्या बायकांनाही त्यांनी हेच सांगितले होते. आजही त्या गल्लीत माझ्याविषयी दुसरे काही कोणाला आठवत नसेल, पण मास्तर बाक ढकलत असे, हे आठवत असेल.

माझे उत्तर वर दिले आहे: बाक चालते, आणि दांडा वरच्या टोकाला असताना हात ज्या बाजूला जातो त्या बाजूला चालते. परंतु मी या प्रकरणात आरोपी आहे, तेव्हा केवळ माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये. वाचकांना विनंती आहे की त्यांनी हलके बाक घ्यावे, पायांभोवती खडूने रेघा माराव्यात, बाकावर कोणालाही बसू देऊ नये, पाव किलोचा एक घाणा काढावा आणि स्वतः पाहावे.