मोकळ्या रस्त्यावरची कोंडी

ज्या रस्त्यावर मोटारींना सक्त बंदी आहे, त्या रस्त्यावर ट्रॅफिक जाम करून दाखवणारं जर्मनीतलं एकमेव घराणं बहुधा आमचंच असावं.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा कार्ल्सरूहेला पीएच.डी. करत होतो (मी करत होतो, ती होत नव्हती!). डिसेंबरात माझा करार संपणार होता, प्रबंध अर्ध्यावर लोंबकळत होता, आणि मला आणखी एक वर्ष द्यायचं की नारळ, हे सर्वस्वी माझ्या प्रोफेसरांच्या हातात होतं. नेमके त्याच वेळी बाबा वर्ध्याहून मला भेटायला आले. बाबा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. प्रोफेसरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "रविवारी तीन वाजता वडिलांना घेऊन घरी कॉफीला या. तुमच्या कराराचंही तेव्हाच बोलू."

प्रोफेसर राहायचे शहराबाहेर, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधल्या एका गावात. त्या बाजूला ऊन इतकं छान पडतं की अंगणात अंजिरं पिकतात, आणि लोक कौतुकाने त्या भागाला, इटलीतल्या प्रांतावरून, 'आमची टस्कनी' म्हणतात. पण रविवारी त्या टस्कनीत बस जात नाही!

"श्ट्रासनबानच्या, म्हणजे ट्रामच्या, शेवटच्या थांब्यावर उतरा आणि तिथून सायकलने या," प्रोफेसरांनी सांगितलं होतं. "मळ्यांमधून खडीचा सुरेख रस्ता आहे. एकही मोटार नाही. तासाभरात पोहोचाल."

मी दीड तास धरला. जर्मनीत येऊन तीन वर्षं झाली होती, पण मी अजून कुठेही वेळेवर पोहोचलो नव्हतो. निदान या रविवारी तरी पोहोचायचंच, असं ठरवून मी आदल्या दिवशीच दोन्ही सायकलींत हवा भरली.

बाबांसाठी शेजारच्या फ्राउ हेलरबाईंची सायकल मागून आणली होती. बाबांची मला काळजी नव्हती. त्यांनी सगळी नोकरी सायकलवर काढलेली. कोट, इस्त्रीची पँट, पँटला खाली क्लिपा आणि कॅरियरला आईने प्रोफेसरांसाठी पाठवलेल्या शंकरपाळ्यांचा डबा, अशा थाटात ते निघाले. सगळीकडे उन्हात पिवळे पडलेले मळे, टेकडीमागे टेकडी, आणि चाकांखाली खडीचा कुरकुर आवाज.

"सुमेध, एवढा रस्ता आणि माणूस नाही!" बाबा म्हणाले. "करतात काय हे लोक याचं?"

"सायकली चालवतात, बाबा."

"आणि बाकीची वाहनं?"

"बाकीची नाहीतच."

"मग हिला घंटी कोणासाठी दिली?"

एवढ्यात समोरून एक आजी-आजोबा काठ्या टेकत आले. "गुटेन टाग!" आजोबा म्हणाले. बाबांनी कचकन ब्रेक दाबला, खाली उतरले, हँडल एका हाताने धरलं, किंचित वाकले आणि म्हणाले, "जय भीम!" (गुटेन टाग त्यांना येत होतं. पाठ केलं होतं. पण घाईत जे निघायचं तेच निघालं!)

"काय झालं, बाबा? उतरलात काऊन?"

"वडीलधारं माणूस समोर आलं आणि आपण सायकलवर बसून राहायचं? आमचे गुरुजी दिसले की आम्ही लांबूनच उतरायचो. शहाणा झालास का जास्त?"

आता यातली अडचण वाचकांनी समजून घ्यावी. रविवारी दुपारी जर्मन टेकड्यांवर सत्तरीच्या आतलं कोणी फिरकतच नाही! दर वळणाला आजी-आजोबा. दर वळणाला बाबा खाली. एक गृहस्थ जरा तरुण वाटले म्हणून बाबा बसून राहिले, तर त्यांनी टोपी काढली आणि आत चकचकीत टक्कल! बाबा उतरले. "शंका आली की उतरावं," ते म्हणाले.

बरं, उतरणं सोपं, पुन्हा बसणं कठीण. बाबांची बसण्याची रीत जुनी. डावा पाय पॅडलवर, उजव्याने जमिनीला तीन-चार टिंग्या आणि मग टांग. वर्ध्याच्या डांबरी रस्त्यावर हे झकास जमायचं. इथे चढावर खडीत टिंग्या मारल्या की सायकल जागच्या जागी आणि बाबा घामाघूम. मग सपाटी येईपर्यंत चालायचं, आणि सपाटीवर बसलो न बसलो तोच पुढचे आजोबा हजर!

घड्याळाचा काटा दोनच्या पुढे सरकला आणि माझा तोल गेला. "बाबा, आपल्या लोकांनी सायकलवरून उतरायचे दिवस गेले आता!"

बाबा थांबले. "माझ्या बापाला पाटलाच्या गल्लीतून सायकल हातात धरून न्यावी लागायची," ते शांतपणे म्हणाले. "धाकानं. मी उतरतो ते माझ्या मर्जीनं. ज्याला मान द्यावासा वाटतो, त्याच्यासाठी. तो फरक कळत नसेल तर पीएच.डी. करून काय उपयोग?"

मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या शेजारून चालायला लागलो आणि घड्याळ बाहीखाली सरकवलं.

पण खरा घोटाळा पुढेच होता. जर्मन माणसाच्या दृष्टीने, रस्त्यात सायकलवरून उतरलेला माणूस म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस! पुढच्या चढावर निवृत्त मंडळींचा एक अख्खा सायकल-क्लब समोरून आला. बाबा उतरले. तो क्लबही उतरला.

"बघ!" बाबांचा चेहरा उजळला. "इथेही पद्धत आहे!"

"आलेस इन ओर्डनुंग?" क्लबचे म्होरके हेर वाल्टर यांनी विचारलं. सगळं ठीक आहे ना?

"हो, हो, सगळं ठीक आहे!" मी म्हणालो. पण माझा जर्मन उच्चार असा की, माझ्या 'ठीक आहे'वर अजून कोणीच विश्वास ठेवलेला नाही. हेर वाल्टर खाली वाकले, त्यांनी साखळीला बोट लावलं आणि "आहा!" म्हणाले. आयुष्यभर कारखान्यात इंजिनियर असलेला जर्मन माणूस साखळी बघून "आहा!" म्हणाला, की समजावं, आता सुटका नाही.

फ्राउ हेलरबाईंची सायकल उलटी झाली. मागचं चाक निघालं. पिशव्यांमधून पाने, पंप, तेलाच्या बाटल्या बाहेर आल्या. चाक किती घट्ट बसवायचं यावर क्लबात दोन तट पडले. तेवढ्यात मागून चालणारी मंडळी आली, तीही थांबली. त्यांच्यामागोमाग द्राक्षांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला, त्याला रस्ता मिळेना. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि रागावण्याऐवजी चाकाबद्दल तिसरंच मत द्यायला लागला! आणि या सगळ्यांतून बाबा हसतमुखाने फिरत होते, हातात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन.

"बाबा, ते प्रोफेसरांसाठी आहेत!"

"आलेल्या माणसांना तसंच पाठवायचं का?"

तीनला थोडाच वेळ उरला होता. मी रडकुंडीला आलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "तू हो पुढे. सरांची वेळ चुकवू नको, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मी येतो यांच्यासोबत." मी हे जर्मनमध्ये सांगताच हेर वाल्टरही म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! गाव आम्हाला माहीत आहे. आम्ही आणतो त्यांना."

आणि मी गेलो. जीव खाऊन पॅडल मारले. गावातल्या चर्चच्या घड्याळात तीनचे टोले पडत असताना मी प्रोफेसरांच्या दाराची घंटी दाबली.

"प्युंक्टलिश! अगदी वेळेवर!" प्रोफेसर खूश झाले. मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "आणि वडील?"

"येतायत."

"कुठून?"

"मळ्यातून."

"एकटे?"

"नाही, लोक आहेत बरोबर."

"तुमच्या ओळखीचे?"

"आल्झो... म्हणजे... आता बाबांच्या ओळखीचे झाले असतील."

प्रोफेसरांच्या बायकोने केकची सुरी खाली ठेवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमंत्रण होतं बाबांना, मी फक्त त्यांना आणून पोहोचवायचं होतं! तीन वर्षांत पहिल्यांदा वेळेवर आलो, आणि ज्यांच्यासाठी टेबल मांडलं होतं त्यांनाच डोंगरात सोडून आलो. बाबांना भाषा येत नव्हती, फोन माझ्या खिशात होता. करार गेला खड्ड्यात, बाबा नीट येऊ देत, एवढंच मनात होतं. प्रोफेसर बूट घालून रस्त्यावर आले, मी त्यांच्या मागे.

अर्धा तास गेला. मग उतारावर धूळ दिसली. सगळ्यांत पुढे कोट घातलेले बाबा, मागे हेर वाल्टर, त्यांच्या मागे एका ओळीत सगळा क्लब आणि शेवटी ट्रॅक्टर!

बाबांनी लांबूनच ओळखलं, रस्त्यात उभे आहेत ते मुलाचे सर. त्यांनी ब्रेक दाबला आणि ते उतरले. हेर वाल्टर उतरले. मागचा सगळा क्लब उतरला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. आणि ती सगळी पांढऱ्या केसांची माणसं सायकली हातात धरून प्रोफेसरांकडे चालत आली. प्रोफेसर गोंधळले, मग त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. ते झपाझप पुढे गेले आणि त्यांनी बाबांच्या हातातली सायकल स्वतःकडे घेतली. माझे डोळे भरून आले, ते मी घामावर ढकललं.

अंगणात सगळ्यांनाच कॉफी झाली. केकचे इतके तुकडे करावे लागले की प्रत्येकाच्या वाट्याला चव तेवढी आली. हेर वाल्टरनी सगळी हकिगत साभिनय सांगितली. मग प्रोफेसरांनी कपावर चमचा वाजवला आणि माझ्याकडे वळून खणखणीत जर्मनमध्ये जाहीर केलं, "जो माणूस स्वतःच्या वडिलांना तीन टेकड्यांपलीकडे नीट आणू शकत नाही, त्याला इतक्यात बाहेरच्या जगात सोडणं धोक्याचं आहे. त्याला मी आणखी एक वर्ष माझ्याच देखरेखीखाली ठेवतो!"

अंगण हसून हसून कोसळलं. बाबांनी माझी बाही ओढली.

"काय म्हणाले रे सर?"

"म्हणाले, तुमच्या मुलाचं काम उत्तम आहे. एक वर्ष वाढवून दिलं."

बाबांनी समाधानाने मान हलवली. मग डोळे पुसत हसणाऱ्या त्या सगळ्या मंडळींकडे पाहत म्हणाले, "अरे, पण मग यात यांना इतकं हसू कशाचं येतंय?"