काबरं आवडनं?

वाचून झालेलं पुस्तक परत घ्यायला इंदूअक्का कधी हात पुढे करायच्या नाहीत. आपण ते टेबलावर ठेवायचं. मग त्या चष्म्याच्या वरून आपल्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हं. वाक्य?"

धुळ्याच्या पाचव्या गल्लीजवळ, एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचं वाचनालय होतं. तिथला हा नियम कुठल्याच पाटीवर लिहिलेला नव्हता, पण त्यातून कुणाची सुटका नव्हती. पुस्तकातलं आवडलेलं एक वाक्य तोंडपाठ म्हणायचं. ते म्हणून झालं की अक्कांचा खरा प्रश्न यायचा, "काबरं?"

काबरं म्हणजे का. अक्का एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, फक्त चिडल्या किंवा थट्टेवर आल्या की अहिराणीवर यायच्या. पण हा एक शब्द त्यांनी कायमचा अहिराणीतच ठेवला होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "'का' विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतो. 'काबरं' विचारलं की घरचं सांगतो." उत्तर मनापासून आलं तर एकाच्या जागी दोन पुस्तकं मिळत. नाही आलं तरी एक मिळायचंच, पण ते देताना अक्का अशा बघायच्या की त्यापेक्षा न दिलेलं बरं.

मी नववीत होते तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिले. वक्तृत्व स्पर्धेत दोन कप मारलेली मुलगी, माझ्या तोऱ्याला काय तोटा! कर्तव्य, ध्येय, दीपस्तंभ असं सगळं भरलेलं एक भलंमोठं वाक्य मी हातवाऱ्यांसकट म्हटलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं. "काबरं?" मी म्हटलं, "कारण त्यात उदात्त विचार आहे." अक्का हसल्या. "बठ्ठं पाठ शे, पन लागनं कोठे? सगळं पाठ, पण मनाला लागलं कुठे? तुला हे वाक्य आवडलं नाही बाई, तुझ्या बाईंना आवडेल म्हणून तू उचललंस."

असा राग आला मला! घरी येऊन तेच पुस्तक पुन्हा उघडलं, या बाईला हरवायचंच म्हणून. आणि मधल्याच एका पानावर अडकले. आठवड्याने जाऊन म्हटलं, "आईने चहा पुन्हा गरम केला आणि कुणी काही बोललं नाही."

"काबरं?"

माझ्या थोरल्या बहिणीला पारोळ्याचा मुलगा बघून गेला होता. नकार कळला त्या संध्याकाळी आमच्या घरात अगदी हेच घडलं होतं. हे मी अक्कांना सांगितलं, आणि सांगता सांगता रडायलाच लागले. माझ्या मागे चार माणसं उभी होती. अक्कांनी दोन पुस्तकं माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

पुस्तकात पेन्सिलीने रेघ मारलेली त्यांना मुळीच खपायची नाही. दुपारी गर्दी नसली की खोडरबर घेऊन बसायच्या आणि लोकांनी मारलेल्या रेघा पुसायच्या. मी म्हणायचे, "अक्का, चांगल्या वाक्याखालीच मारलीये की." त्या म्हणायच्या, "चांगलं त्याला. पुढच्याने का म्हणून दुसऱ्याचं उष्टं वाक्य खायचं? त्याचं त्याला सापडू दे." स्वतःचं आवडतं वाक्य मात्र त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. फार मागे लागलं की म्हणायच्या, "मी दुकानदार आहे. दुकानदार गिऱ्हाइकासमोर खात नाही."

वाचनालयाच्या मंडळाचे कार्याध्यक्ष एक वकीलसाहेब होते. शहरातला कुठलाही सत्कार, शोकसभा, उद्घाटन त्यांच्या भाषणाशिवाय व्हायचं नाही. ते पुस्तकं वाचत नसत, पुस्तकांतून वाक्यं वेचत. त्यांनाही अक्का सोडायच्या नाहीत. "वकीलसाहेब, हे तुम्हाला आवडलं नाही, उपयोगी पडलं." वकीलसाहेब मोठ्याने हसायचे. पण नेहमी एकच पुस्तक घेऊन जिना उतरायचे.

आणि अक्कांचे यजमान, नाना. एसटीत चालक म्हणून सगळा जन्म गेला. धुळे-जळगाव रस्त्यावरचा एकूण एक खड्डा त्यांना पाठ, पण पुस्तकाशी वैर. संध्याकाळी अक्कांना सायकलवरून न्यायला यायचे, तेही माडी चढायचे नाहीत. खालूनच घंटी वाजवायचे. कुणी म्हणालं, "नाना, वर या ना," तर म्हणायचे, "नको भो, वर गयं की ती वाक्य मांगस!"

पुढे मी डी.एड. झाले आणि जळगावला शाळेत लागले. शनिवारी दुपारची गाडी पकडून धुळ्याला यायचे ती आधी वाचनालयात जायचे, मग घरी. अशाच एका शनिवारी माडीला कुलूप दिसलं. खालचा दुकानदार म्हणाला, "अक्कांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली."

मी तशीच पांझरेच्या पुलावरून देवपूरला त्यांच्या घरी गेले. अक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मला बघून डोळे चमकले, तोंड उघडलं, आणि शब्द आला, "बशी." त्यांना कळलं की हे चुकलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा "बशी." मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. यांना बोलायला लावा. पण नानांनी उलटंच आरंभलं. अक्कांना काहीही विचारलं की उत्तर नानाच देत. चहा घेणार का? "घेईल ती." बरं वाटतंय का? "वाटतंय तिला." बायकोचे हाल बघवत नव्हते बिचाऱ्याला. आणि प्रत्येक वेळी अक्का डाव्या हाताने खाटेवर फटका मारत. तो फटका मला कळायचा. मला बोलू द्या, असं होतं ते.

त्यातच कानावर आलं की मंडळ नवीन माणूस नेमणार आहे. तसं त्यांचंही चुकत नव्हतं, बोलता न येणारी बाई टेबलावर कशी चालेल? पण ते टेबल गेलं की अक्का गेल्या, हे मला दिसत होतं. मग मी हट्टालाच पेटले. पुढच्या शनिवारी पुस्तक घेऊन गेले, ते खाटेवर ठेवलं, समोर उभी राहिले आणि नेहमीसारखं वाक्य म्हटलं. त्यांच्या ओठांची धडपड सुरू झाली. कपाळावर घाम आला. शेवटी "बशी" आलं आणि डोळ्यांतून पाणी. नाना माझ्यावर धावून आले. "तिले तरास देऊ नको पोरी! पुन्हा येऊ नको!"

मी पुन्हा गेले. दुसरं पुस्तक, दुसरं वाक्य. नाना दारात आडवे उभे होते, पण आतून खाटेवर असा फटका बसला की तेच बाजूला झाले.

असे काही शनिवार गेले. एकदा मी तिथे असतानाच वकीलसाहेब आले. बरोबर सफरचंदं, चेहऱ्यावर शोकसभेचा भाव. कशासाठी आले होते ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. खुर्चीवर बसले, खाकरले, आणि सवयीने वाक्यापासूनच सुरुवात केली. "अक्का, मी परवाच एका पुस्तकात वाचलं. वेळेवर थांबता येणं, हीच आयुष्यातली सर्वांत मोठी कला आहे."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मान लालबुंद झाली, ओठ थरथरले. डावा हात खाटेची कड घट्ट धरून होता. नाना उठायला लागले, मी त्यांचं मनगट धरलं.

"का..." अक्का म्हणाल्या. "का... ब... रं?"

नाना मटकन खाली बसले. मी तर ओरडलेच. पण अक्कांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या चष्म्याच्या वरून वकीलसाहेबांकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या. पुन्हा म्हणाल्या, या वेळी पहिल्यापेक्षा स्वच्छ. "काबरं?"

भरल्या सभेत कधी न अडखळलेला तो माणूस सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन तिची गाठ सोडत-बांधत बसला. मग म्हणाला, "कारण अक्का... मला तुम्हाला स्पष्ट सांगायची हिंमत नव्हती. म्हणून दुसऱ्याचं वाक्य आणलं." अक्कांनी मान डोलावली. वकीलसाहेबांकडून मनापासून आलेलं हे पहिलंच उत्तर असेल. वकीलसाहेब उठले आणि जाता जाता म्हणाले, "दिवाळीपर्यंत कुणालाही नेमत नाही. दिवाळीनंतर तुम्ही वर या. याल ना?" नाना सवयीने "येईल ती" म्हणायला गेले आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. अक्का म्हणाल्या, "ये... ईन."

मग काय, माडीवरच्या पुस्तकांचे गठ्ठे आले आणि देवपूरच्या त्या दोन खोल्यांचंच वाचनालय झालं. गावातले वाचक पुस्तकं घेऊन यायचे, वाक्य म्हणायचे, अक्का "काबरं" विचारायच्या आणि त्यांच्या उत्तरातला एखादा शब्द उचलून तो घोटत बसायच्या. चुकायच्या, चिडायच्या, खाटेवर फटका मारायच्या आणि पुन्हा तोच शब्द धरायच्या. कुणी दयेने "राहू द्या अक्का" म्हटलं, तर त्याला पुस्तक मिळायचं नाही. इतकी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी जिना चढले तेव्हा अक्का टेबलामागे बसल्या होत्या. शब्द अजून एकेक करून यायचे, डाव्या हाताने सही जमत नव्हती. पण रांग लागली होती. आणि त्या रांगेत, धुतलेला पायजमा-सदरा घालून, छातीशी एक पुस्तक धरून नाना उभे होते! आजवर ती माडी न चढलेले नाना.

त्यांची पाळी आली. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. अक्कांनी त्यांना अनोळखी गिऱ्हाइकासारखं न्याहाळलं. "हं. वाक्य?"

नानांनी डोळे मिटून घेतले. "तो परत आला, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं."

"काबरं?"

नाना इकडे तिकडे बघत राहिले. मग खाली मान घालून, हळू आवाजात ते म्हणाले, "मन्ही ड्युटी... कव्हय बी येवाचं. गाडी बंद पडे, पूर ये. पन तू कधी कडी लाई नही. मी कधी तुले सांगं नही... पन दार लोटेल दिसे ना, की मन्हा जीव खाली पडे."

अक्कांनी चष्मा काढला. पदराने पुसला, पुन्हा घातला. मग डाव्या हाताने मागच्या कपाटातून एक पुस्तक काढून नानांपुढे ठेवलं. थांबल्या, आणि त्यावर दुसरं ठेवलं.

नाना दचकले. "दोन? दोन कसाले व? एक वाचता वाचता जीव गया मन्हा!"

अक्का हसायला लागल्या, आणि सगळी माडी हसली. नानांनी दोन्ही पुस्तकं काखेत मारली आणि जिन्याकडे निघाले. अक्कांनी टेबलावर डाव्या हाताने फटका मारला, आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "हं. वाक्य?"