नमुना कार्ड आणि खव्याची जलेबी

आता काय सांगू तुम्हाला, हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. माझा असा पोपट झालाय की बस! तरी सांगताना कॉलर ताठच असते माझी.

मी इथे जबलपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये, वयात येणाऱ्या मुलांना डीबीटी शिकवते. नाव भलं मोठं, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. काम एवढंच, की राग-दुःख अंगावर धावून आलं तर त्या मिनिटाला काय करायचं ते शिकायचं. दर शनिवारी मुलं आणि आईवडील एकत्र बसतात. मुलांनी आठवड्याचं एक कार्ड रोज थोडं थोडं भरायचं: वरती झोप, जेवण, दिवस कसा गेला; खाली राग किती, मनात काय आलं, प्रत्यक्षात काय केलं, शिकवलेलं कौशल्य वापरलं का. आणि आमच्यात पद्धत अशी, की शिकवणाऱ्यानंही स्वतःचं कार्ड भरायचं.

गटात प्राची होती, पंधरा वर्षांची. पाच आठवडे एक शब्द नाही, कार्ड कोरं. त्या शनिवारी तिचे बाबा मला दारातच म्हणाले, "मॅडम, पाच हप्ते झाले, पोरगी तोंड उघडून नाही राहिली. आजही नाही बोलली तर बंद करतो. भंडाऱ्याला पाठवून देतो काकाकडे. तो सरळ करते तिला."

पण मीही तयारीनिशी आले होते! मुलांना अंदाज यावा म्हणून एका काल्पनिक मुलीचं कार्ड लिहून त्याच्या बारा झेरॉक्स आणल्या होत्या. ऐटीत वाटल्या.

एका मुलाच्या आईनं वाचता वाचता कपाळावर हात मारला. "हाय राम! दीदी, ये किसकी लड़की है?"

"काल्पनिक है जी," मी म्हटलं आणि सहज हातातल्या कागदाकडे पाहिलं.

माझं कार्ड! स्वतःचं! घरी टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी होती, आणि मी बाईनं नेमकं हे उचललं होतं. नशीब, नावाचा रकाना रिकामा होता.

ऐका, काय लिहिलं होतं. 'राग: पाचपैकी पाच. माझ्या वाट्याची खव्याची जलेबी कोणीतरी खाल्ली. मनात आलं: ताट भिंतीवर फेकावं. केलं: दार आपटलं, दोन तास अबोला. कौशल्य वापरलं? नाही.' खाली मंगळवार, नाही. बुधवार, नाही!

आता बारा जणांपुढे काय सांगणार होते मी? की ही मुलगी बेचाळीस वर्षांची आहे आणि तुमच्यासमोर खडू घेऊन उभी आहे?

"इसको तो अस्पताल में भर्ती कराओ," एक काका म्हणाले.

"मोबाइल का असर है," दुसरे.

प्राचीच्या बाबांना तर जोरच चढला. "एका जलेबीसाठी इतका तमाशा? लाडानं बिघडली आहे ही पोरगी!"

मी मान डोलावली. हो, स्वतःच्याच विरोधात मान डोलावली!

"जलेबीसाठी नाही, बाबा."

प्राची बोलली होती.

"वरती बघा ना. झोप चार तास. दुपारी जेवली नाही. दिवसभर कोणी विचारलं पण नाही तिला. मग जलेबी पण गेली. ती रागात नव्हती, तिला वाईट वाटून राहिलं होतं." मग खाली बघून म्हणाली, "मी दार आपटते ना, तेव्हा असंच असते."

तिच्या बाबांनी कागदाच्या वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग हळूच म्हणाले, "मग तेव्हा मी काय करू, बेटा?"

"काही नाही. जेवली का, एवढं विचारा."

रागाच्या मागे जाऊन त्याची साखळी शोधायची, हे मी पाच आठवडे फळ्यावर लिहीत होते. मला वाटत होतं, भिंत ऐकतेय. ही पोरगी सगळं उचलत होती! अभिमानानं डोळे भरून आले माझे, लपवलेही नाहीत.

निघताना प्राचीनं तिची प्रत माझ्या हातात दिली. "दीदी, हे तुमचं आहे ना? फळ्यावर तेच अक्षर बघून राहिली मी दर शनिवारी." आणि ओठांवर बोट ठेवून गेली.

पुढच्या शनिवारी प्राची आली, भरलेलं कार्ड घेऊन. भंडाऱ्याचा विषय कुणी काढला नाही. बाबांनी मात्र एक डबा पुढे केला. "मॅडम, खव्याची जलेबी आहे. त्या कार्डवाल्या पोरीला द्या."

"अन् सांगा," प्राची मागून हसू दाबत म्हणाली, "घरी सगळ्यांना देऊन खाशील. अन् आधी जेवशील."

"नक्की सांगते," मी म्हटलं.

सगळे गेले. मी दार लावलं, उपाशीपोटी अख्खा डबा संपवला आणि प्रामाणिकपणे कार्ड भरलं.

कौशल्य वापरलं? नाही.