गल्लीतले पाच थांबे

आधी महानारायण तेलाचा वास यायचा, मग काठीचा आवाज, आणि मग काका. आमच्या ओट्यावर टेकत म्हणायचे, "दोन मिनिटं हॉल्ट हाय, बाई." ती दोन मिनिटे वीस मिनिटांच्या आत कधी संपली नाहीत.

वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांची शिफ्टची बस त्यांनी उभी हयात चालवली. आम्ही वीस कुटुंबांनी मिळून जमीन घेतली आणि समोरासमोर घरे बांधायची ठरवली, तेव्हा नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले होते, "गाड्या इथं गल्लीच्या तोंडालाच थांबवा. म्या लई बघितलंय. बसमधी समदे झोपलेले. उतरून घरापर्यंत चालतानाच काय ते बोलत्यात." म्हणून आमच्या गल्लीत वाहन येत नाही.

त्याआधी मी बंगल्यांच्या वसाहतीत राहत होते. चार वर्षांनंतरही शेजारणीचा आवाज मला ओळखता आला नसता. तिच्या फाटकाची करकर मात्र अचूक ओळखली असती. माझ्या आईला अंधुक दिसते. तिथे तिचे जग खिडकीपाशी संपायचे. इथे ती भिंतींना हात लावत एकटी निघायची आणि तिसऱ्या घरापासून माघारी वळायची.

मग काकांचे गुडघे गेले. त्यांचे घर गल्लीच्या अगदी शेवटी. रविवारच्या बैठकीत कोणीतरी सुचवले, निदान त्यांच्यासाठी तरी गाडी आत येऊ द्यावी. एकासाठी आली की सगळ्यांच्या येणार, हे तुम्हालाही कळते आहे. मलाही कळत होते. पण ते सुजलेले गुडघे समोर असताना आईचे नाव काढायला माझी जीभ रेटेना.

"काका, तुमच्यासाठीच म्हणतोय आम्ही," सचिव म्हणाले.

"माझ्या गुडघ्याच्या नावानं तुमच्या गाड्या आत नका घालू," ते हसले. "तोंडापासून माझ्या दारापर्यंत पाच ओटे बांधा. बसत बसत जाईन. घाई कुणाला हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् आईला सांगा, चौथ्या घराची भिंत म्या चाचपून बघितलीय. खिळाबिळा काय नाय. म्होरं येऊ द्या त्यांना."

ओटे झाले. त्यातला एक आमच्या दाराशी. आता घरी पोहोचायला त्यांना तास लागे. उशीर का, असे बायकोने विचारले की उत्तर ठरलेले, "रस्त्यात चहा लागला!" आई मात्र तिसऱ्या घरापुढे काही जात नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या मुलीने त्या दोघांना पुण्याला नेले, अकराव्या मजल्यावर, लिफ्टच्या सोयीसाठी. निघायच्या दिवशी बायको सामानासोबत पुढे गाडीत जाऊन बसली. ते आमच्या ओट्यावर टेकले, तेव्हा मी आत चहा गाळत होते. बाहेर आले तर ओटा रिकामा, आणि आईही नाही.

मी अनवाणीच धावले. तिसरे घर गेले, चौथे गेले, पाचवे गेले. दूर गाडीचे दार लागल्याचा आवाज आला. आणि मग समोरून आई येताना दिसली. एकटी, डावा हात भिंतीवर, उन्हाकडे तोंड केलेले, पावलांत जराही घाई नाही.

"अगं, होतीस कुठे?" मी ओरडलेच.

ती थांबली. सावकाश श्वास घेतला, पदर नीट केला.

"पोचवलं."