विहिरीवर गार केलेली बिअर

घरी बनवलेली माझी बिअर दरवेळी आंबट व्हायची आणि मेहुणा तिला खुशाल 'आंबील' म्हणायचा. उकळलेला जवाचा काढा झटपट गार झाला नाही तर बिघडतो, आणि मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या टाकीतलं पाणी अंघोळीलाही सोसवत नाही. शेवटी करावे गावातल्या सासुरवाडीला, विहिरीशेजारीच शेगडी मांडली. तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडलं आणि नळीतून विहिरीचं पाणी पंपाने खेळवलं. बघता बघता पातेलं गारेगार!

बिअर तयार झाल्यावर मेहुण्याने पहिला ग्लास एका दमात संपवला. "भावोजी, बिअर अजून हाय का?"

बिअर म्हणाला बेटा! "बिअर भरपूर आहे," मी म्हणालो. "आंबील मात्र संपली."