चपलेखालचे धणे

त्या वर्षी लेकीच्या स्प्रिंग ब्रेकला मीही ऑफिसातून आठवडाभर रजा टाकली. दोन दिवस घरामागचा लाकडी डेक रंगवला, एक दिवस तळ्यावर बदकं बघितली आणि मग अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या त्या लाल, चिकट मातीत कोथिंबीर लावायला घेतली. नर्सरीतून आयती रोपं आणणं मला पटत नाही. डब्यातले धणे कागदावर पसरले आणि माझी आई रगडायची तसे चपलेने रगडायला बसले. धणा फुटून दोन झाला की लवकर उगवतो.

सात वर्षांची लेक डोळे विस्फारून बघत होती. "आई, व्हॉट डिड दे डू?"

"ऐकत नाहीत मेले," मी रगडता रगडता म्हणाले.

शाळा सुरू झाल्यावर तिने सुट्टीवर निबंध लिहिला. दोन दिवसांत तिच्या बाईंचा फोन. तुमच्या घरी न ऐकणाऱ्यांना चपलेने रगडतात, हे खरं का? मी घाम पुसत सगळा खुलासा केला, पण त्यांचं 'ओके' काही खरं वाटेना.

महिन्याभरात कोथिंबीर तरारली. पहिली जुडी घेऊन मी तडक शाळेत गेले. बाईंनी वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चप्पल कुठली लागते?"